येशूचे दाखले वाचताना या चुका टाळा

अवघड शिकवण सोपी करून सांगणारी गोष्ट म्हणजे दाखला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. येशू साध्यासुध्या माणसांशी बोलत होता, म्हणून त्याने बी, जाळं, मेंढरं, खमीर यांच्या गोष्टी सांगितल्या आणि त्या लोकांना लगेच उमगल्या. ऐकायला हे छान वाटतं. पण शुभवर्तमान (येशूची जीवनकथा; मत्तय, मार्क, लूक, योहान अशी चार आहेत) उघडलं की पहिल्याच मोठ्या दाखल्यापाशी गाडी अडते. मार्कच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला सांगून होतो आणि बारा शिष्यांसकट जवळच्याच मंडळींना तो कळत नाही. एकांत मिळाल्यावर ते येशूला विचारतात. त्यावर येशू यशयाच्या सहाव्या अध्यायातले शब्द सांगतो: बाहेरच्यांना सगळं दाखल्यांनी मिळतं, यासाठी की पाहूनही त्यांना दिसू नये आणि ऐकूनही समजू नये.

या ओळीपाशी बरेच जण घाईने पान उलटतात. काही जण दुसऱ्या टोकाला जातात: दाखले म्हणजे गुप्त भाषा, निवडक लोकांसाठी कुलूपबंद केलेली. तेही टिकत नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी मार्क सांगतो की, लोकांच्या ऐकण्याच्या कुवतीप्रमाणे येशू त्यांच्याशी बोलत असे. मत्तय तेराव्या अध्यायात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडतो: लोक पाहत असूनही पाहत नाहीत, म्हणून मी दाखल्यांनी बोलतो. शिवाय द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांचा (मालकाचा वाटा न देता त्याच्या मुलाला मारणाऱ्यांचा) दाखला ऐकल्यावर विरोधकांना तो नेमका कळला. हा आपल्यावरच रोख आहे हे ओळखूनच ते येशूला धरायला टपले, असं मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे. म्हणजे कळणं-न कळणं हा या गोष्टींचा खरा मुद्दा नाही. ऐकणाऱ्याला बाजू घ्यायला लावणं, हे त्यांचं काम आहे.

त्याचा सगळ्यात उघड नमुना जुन्या करारात सापडतो. दावीद राजाने बथशेबेला आपल्याकडे आणलं, तिचा नवरा उरिया याला लढाईत पुढे धाडून मरू दिलं आणि प्रकरण मिटलं असं त्याला वाटलं. मग नाथान संदेष्टा येतो आणि एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगतो. ती त्याच्याच ताटातलं खायची, त्याच्या कुशीत झोपायची; शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपल्या कळपाला हात न लावता ती कोकरी कापली. दावीद भडकतो, असा माणूस मेलाच पाहिजे म्हणतो, चौपट भरपाई ठरवतो. तेव्हा नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." आरोप सरळ केला असता तर राजाने बचाव केला असता. गोष्टीत शिरल्यामुळे त्याने न्यायाधीशाच्या जागी बसून स्वतःलाच शिक्षा सुनावली. येशूचे दाखले याच घराण्यातले आहेत. खाली दिलेल्या बहुतेक चुका हा सापळा निकामी करून टाकतात.

कोणाला सांगितला, हे न पाहता वाचणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती बायबलच्या छपाईमुळे आणखी बळावते. दाखल्यावर ठळक मथळा असतो, आपण तिथून वाचायला लागतो. पण दाखल्याची किल्ली बहुतेक वेळा मथळ्याच्या वर असते.

लूकचा पंधरावा अध्याय घ्या. जकातदार आणि पापी लोक येशूचं ऐकायला येत होते आणि हा अशांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) व शास्त्री (धर्मशास्त्राचे जाणकार) कुरकुर करत होते. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून तीन दाखले येतात: शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं, दोघांतला एक मुलगा. तिसऱ्याला आपण "उधळ्या पुत्राचा दाखला" म्हणतो आणि वाटणीची संपत्ती उधळलेला धाकटा घरी आला, मेजवानी झाली की पुस्तक मिटतो. पण कुरकुर करणाऱ्यांचं पात्र तर अजून रंगमंचावर यायचं असतं. थोरला शेतातून येतो, गाणं-बजावणं ऐकतो, रागावून आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला का? लूक सांगत नाही. उत्तर समोर उभ्या असलेल्या परूशांनी द्यायचं होतं. धाकट्याच्या पश्चात्तापावर कितीही सुंदर प्रवचन केलं तरी थोरल्याला वगळलं, तर दाखला अर्धाच सांगितला असं मी समजतो.

अध्यायांचे आकडे हाही एक खड्डा आहे. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन याने केली असं मानलं जातं. नव्या करारातले वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन याच्या १५५१च्या आवृत्तीपासून रूढ झाले. मूळ लेखकांनी यातलं काहीच घातलेलं नव्हतं. मत्तयाचा विसावा अध्याय द्राक्षमळ्यातल्या मजुरांनी सुरू होतो: सकाळी लागलेल्यालाही एक दीनार, दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही एक दीनार. नुसता दाखला वाचला की मजुरीच्या न्यायावर वाद रंगतो. आधीच्या अध्यायाचा शेवट वाचा. पेत्राने विचारलेलं असतं की, आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? पहिले ते शेवटले होतील हे वाक्य दाखल्याच्या आधीही येतं आणि नंतरही. म्हणजे हा दाखला पेत्राला आहे, जुन्या, निष्ठावान, हिशेब ठेवणाऱ्या शिष्याला. मळ्याच्या मालकाने मजुरी मुद्दाम शेवटच्यांपासून वाटायला सुरुवात केली नसती, तर सकाळच्यांना काही कळलंही नसतं.

एकच दाखला दोन शुभवर्तमानांत वेगळा वाटला की गोंधळू नका. आधी श्रोते कोण आहेत ते पाहा. हरवलेलं मेंढरू लूकमध्ये परूशांना सांगितलंय, तिथे हरवलेला म्हणजे बाहेरचा पापी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तेच मेंढरू शिष्यांना सांगितलंय, "या लहानांपैकी एकाचाही नाश होऊ नये" म्हणून. तिथे भरकटलेला हा मंडळीतलाच आहे आणि त्याला शोधायची जबाबदारी ऐकणाऱ्यांवर येते.

प्रत्येक वस्तूचा अर्थ लावत बसणं

या चुकीला मोठी परंपरा आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या हिप्पोच्या ऑगस्टिनने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचं (यरुशलेमहून यरीहोच्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाला याजक आणि मंदिराचा सेवक लेवी टाळून जातात, परक्या समाजातला शोमरोनी मदत करतो) असं विवरण केलं: लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्गीय नगर, लुटारू म्हणजे सैतान व त्याचे दूत, याजक आणि लेवी म्हणजे जुन्या कराराची सेवा, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि उतारशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल. भक्तीच्या अंगाने वाचायला हे मोहक आहे. पण ज्या शास्त्र्याने "माझा शेजारी कोण?" असं विचारलं होतं, त्याचा प्रश्न यात कुठेच उरत नाही. पौलाचं तर तेव्हा नावही कोणी ऐकलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ युलिशर या जर्मन अभ्यासकाने याविरुद्ध ठाम भूमिका घेतली: दाखल्याचा मुद्दा एकच, बाकीचा तपशील गोष्ट चालावी म्हणून. हा नियम उपयोगी आहे, पण तो कायदा समजला की पुन्हा अडचण होते, कारण पेरणाऱ्याचा आणि निदणाचा (पिकातल्या तणाचा) दाखला शुभवर्तमानांत येशूच एकेक वस्तू घेऊन उलगडून सांगतो. पुढच्या काही अभ्यासकांनी म्हणून मधला रस्ता काढला: मुख्य पात्रं जितकी, साधारण तितके मुद्दे. बाप, धाकटा, थोरला अशा तिघांकडून तीन गोष्टी.

येशूने स्वतः केलेलं विवरण नीट पाहिलं तर हात कुठे आखडायचा हे कळतं. मत्तय १३मध्ये शेत, चांगलं बी, निदण, वैरी, कापणी, कापणारे या सगळ्यांचा अर्थ दिला आहे. पण लोक झोपले होते त्याचा अर्थ? निदण उपटू का म्हणून विचारणारे दास कोण? त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. आणि शेत म्हणजे मंडळी असं सर्रास शिकवलं जातं. येशूचं उत्तर मात्र स्पष्ट आहे, शेत म्हणजे जग.

चिन्हांचा कायमचा कोश करणं हा याच चुकीचा धाकटा भाऊ. खमीर इतरत्र वाईट अर्थाने येतं, परूशांचं खमीर सांभाळा असं येशूच सांगतो. म्हणून पिठात खमीर लपवणाऱ्या बाईचा दाखलाही बिघाडाबद्दल आहे असं काही जण ठासून सांगतात. पण तिथे वाक्याची सुरुवातच स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे अशी होते. तीन मापं पीठ म्हणजे जवळपास ४० लिटर, शंभरावर माणसांना पुरेल इतकी भाकर. चिमूटभर खमीर आणि एवढा ढीग, यात लक्ष कुठे जायला हवं ते उघड आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यातले पक्षी सैतान, म्हणून मोहरीच्या झाडावर बसलेले पक्षीही सैतान, हा तर्कही असाच. आणि येशू मोहरीला सगळ्यांत लहान बी म्हणतो, पण तिच्याहून लहान बिया जगात आहेत, म्हणून येशूचं वनस्पतिशास्त्र चुकलं हा आक्षेप घेणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. ऐकणाऱ्यांच्या बोलण्यात बारीक म्हणजे मोहरी, एवढंच.

मजकुरात नसलेली कारणं भरणं

पुन्हा त्याच यरीहोच्या रस्त्यावर जाऊ, कारण इथे चुकांची गर्दी आहे. याजक का थांबला नाही? ठरलेलं उत्तर असं: तो मंदिरात सेवेला निघाला होता, प्रेताला शिवला असता तर विटाळ झाला असता. आता लूक १०:३१ सावकाश वाचा. याजक त्या वाटेने खाली जात होता. यरुशलेम डोंगरावर आहे, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. सुमारे २५ किलोमीटरच्या या वाटेवर हजार मीटरहून जास्त उतार आहे. खाली जाणारा माणूस मंदिराकडे पाठ करून चालला होता. शिवाय बेवारस प्रेत आढळलं तर याजकानेही त्याला मूठमाती द्यावी, असा नियम यहुदी परंपरेच्या मिश्ना या संग्रहात नोंदलेला आहे. आणि इथला माणूस तर मेलेलाही नव्हता. लूक कारण देत नाही. आपण विटाळाचं कारण देतो तेव्हा याजकाला सबब मिळते आणि दोष यहुदी धर्मशास्त्रावर जातो.

उलट जिथे मजकूर बोलतो तिथे आपण बहिरे होतो. याजक, लेवी यांच्यानंतर तिसरा साधा इस्राएली माणूस येईल अशी श्रोत्यांची अपेक्षा असणार, आला शोमरोनी. दोन्ही समाजांचं वैर जुनं होतं. शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर यहुदी सत्ताधारी योहान हिर्कानस याने इसवी सनाआधी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात पाडलं होतं. लूकच्याच नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही, तेव्हा याकोब आणि योहान त्या गावावर आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. आता शेवट बघा. शास्त्र्याने विचारलं होतं, माझा शेजारी कोण? येशू उलट विचारतो, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? आणि शास्त्री "शोमरोनी" हा शब्द तोंडातून काढत नाही. ज्याने दया केली तो, एवढंच म्हणतो. ही जागा प्रवचनात हमखास सुटते.

दाखला वाचून काहीच टोचत नाही?

मग बहुधा तुम्ही चुकीच्या पात्राच्या जागी उभे आहात. परूशी आणि जकातदार मंदिरात प्रार्थनेला गेले, ही गोष्ट वाचताना परूशी हा खलनायक हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तेव्हाच्या श्रोत्यांना तसं वाटत नव्हतं. धर्मशास्त्रात सक्तीचा उपवास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. हा माणूस आठवड्यातून दोनदा करत होता आणि सगळ्या मिळकतीचा दशमांश देत होता. अशा माणसाला कोणीही मान देईल. जकातदार म्हणजे परक्या सत्तेच्या वतीने आपल्याच लोकांना नाडणारा. देवाने नीतिमान ठरवलं ते दुसऱ्याला, हे ऐकून लोक हबकले असतील. आपण मात्र वाचून मनात म्हणतो, बरं झालं, आपण त्या परूशासारखे नाही. म्हणजे प्रार्थना त्याचीच, फक्त नाव बदललं.

परूशी म्हणजे ढोंगी, थोरला मुलगा म्हणजे यहुदी, दुष्ट कुळं म्हणजे सगळं इस्राएल, असं सरसकट वाचन याच चुकीतून येतं आणि इतिहासात त्याने यहुद्यांचं खरंखुरं नुकसान केलं आहे. येशू यहुदी होता, शिष्य यहुदी होते, द्राक्षमळ्याची उपमाही यशयाच्या पाचव्या अध्यायातली. कुळांचा दाखला मुख्य याजक आणि पुढाऱ्यांना होता. त्यात मळा उद्ध्वस्त होत नाही, कुळं बदलतात.

आकडे नुसते वाचून सोडणं

क्षमा न करणाऱ्या दासाचा दाखला, मत्तय १८. दासावर राजाचं देणं १०,००० तालांत, दासाचं सोबत्याकडे येणं १०० दीनार. एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार. मग देणं झालं सहा कोटी दिवसांची मजुरी. इतिहासकार योसेफस सांगतो की, शासक हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया हे त्याचे प्रांत मिळून वर्षाला २०० तालांत उत्पन्न मिळे. त्या हिशेबाने या एका दासावर अख्ख्या मुलखाचा ५० वर्षांचा महसूल थकला होता. "मला सांभाळून घ्या, सगळं फेडतो" असं तो म्हणतो ते ऐकून श्रोते हसलेही असतील.

प्रवचनात पुढची चूक होते: सोबत्याचं देणं चिल्लर होतं असं सांगतात. १०० दीनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी. गरिबाला ती रक्कम चांगलीच जाणवते. तुमचं नुकसान क्षुल्लक होतं, विसरून जा, असं येशू म्हणत नाही. नुकसान खरं आहे. फक्त पारड्यात दुसऱ्या बाजूला त्याच्या सहा लाख पट आहे. मोठ्या दुखावलेल्या माणसाला हा दाखला सांगताना एवढा फरक जपा.

प्रत्येक राजा, धनी आणि न्यायाधीश म्हणजे देव?

देव क्रूर किंवा लहरी वाटायला लागला की हे तपासा. लूक १८मधला न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसांना जुमानत नाही. विधवा पिच्छा सोडत नाही म्हणून वैतागून तो न्याय देतो. देव असा आहे, त्याला कंटाळा येईपर्यंत मागत राहा, असा अर्थ निघाला तर दाखला उलटा धरला. युक्तिवाद असा चालतो: असला माणूससुद्धा अखेर न्याय देतो, तर देव किती अधिक देईल! मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राच्या दाखल्याचीही चाल हीच. लूक तर सुरुवातीलाच सांगून टाकतो की, खचून न जाता प्रार्थना करत राहावी म्हणून हा दाखला सांगितला. याउलट क्षमा न करणाऱ्या दासाच्या शेवटी येशू स्वतः म्हणतो की, स्वर्गीय पिता तुमचंही तसंच करील. तिथला धाक पातळ करू नये. कुठे तुलना आणि कुठे विरोध, हे प्रत्येक दाखल्याच्या आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवायचं.

एका दाखल्यावर अख्खा सिद्धांत उभारणंही असंच धोक्याचं. श्रीमंत मनुष्य आणि लाजर (मेल्यावर श्रीमंत यातनेत, गरीब लाजर सुखात) ही गोष्ट मरणोत्तर जगाचा नकाशा म्हणून वाचली जाते; ज्वाला किती, दरी केवढी. गोष्टीचा रोख मात्र पैशाच्या लोभ्यांवर आणि शेवटच्या वाक्यावर आहे: मोशे आणि संदेष्ट्यांचं जे ऐकत नाहीत, ते मेलेल्यातून कोणी उठला तरी मानणार नाहीत. (हा लाजर आणि योहानाच्या शुभवर्तमानातला बेथानीचा लाजर वेगळे.) उधळ्या पुत्राच्या दाखल्यात वधस्तंभ नाही, म्हणून येशूला प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती, असं म्हणणं हीदेखील तीच चूक. दाखला जे सांगायला निघालेला नाही, ते त्याच्या मौनातून काढू नये.

राहता राहिला अन्यायी कारभारी, लूक १६. याच्यापाशी भले भले अडतात. नोकरी जाणार हे कळल्यावर तो धन्याच्या ऋणकोंना बोलावून कर्जखतं बदलून देतो: १०० मापं तेलाची ५०, १०० मापं गव्हाची ८०. आणि धनी त्याची वाखाणणी करतो! येशूने लबाडीला शाबासकी दिली का? वाक्य पुन्हा पाहा, शाबासकी शहाणपणाने वागल्याची आहे आणि तो माणूस अन्यायी होता हे त्याच वाक्यात म्हटलेलं आहे. हिशेबाचा दिवस आला हे त्याने ओळखलं आणि वेळ न दवडता हालचाल केली. त्यापुढे लूक एकामागून एक वचनं देतो: या युगाच्या लोकांची चतुराई, धनाने मित्र जोडणं, थोडक्यात विश्वासू असणं, दोन धन्यांची चाकरी न करता येणं. ही सगळी एकाच धाग्यात ओवायचा प्रयत्न केला की ओढाताण होते. शिकवायचं असेल तर त्यातलं एक वचन घ्या, त्याच्या उजेडात दाखला वाचा आणि बाकीची पुढच्या बैठकीला ठेवा.